पांढरी की लाल

त्या रविवारी देवाजी मेश्राम घरात कांदे चिरायला बसले, तेव्हा त्यांच्या लेकीला, पंचफुलेला नवलच वाटलं. तीस वर्षं सिव्हिल लाइन्समधल्या एका क्लबात खानसामा असलेला हा माणूस घरी कधी चुलीपाशी फिरकत नसे. पण गुरुवारी क्लबात फ्रेंच इंजिनियर जेवायला येणार होते. त्यांच्यापुढे त्यांच्याच मुलखातलं कांद्याचं सूप ठेवायचं म्हणून देवाजींची ही रंगीत तालीम. दोन तास मंद आचेवर कांदा परतत राहिले. कांदा गुळासारखा तांबूस झाला, तेव्हा त्यात हाडांचं पाणी ओतलं.

पंचफुला ओसरीवर कॉलेजचे पेपर तपासत होती.

"फुला, इकडं ये वं. जरा हुंगून पाह्य."

अंगणाच्या भिंतीवर औषधाच्या दोन बाटल्या होत्या. एकीत क्लबातून नमुन्याला आणलेली पांढरी वाइन, दुसरीत लाल. सेक्रेटरीसाहेबांनी दोन्ही वाइन मुंबईहून मागवल्या होत्या. सुपाबरोबर कोणती उघडायची ते देवाजींनी ठरवायचं होतं. बाटल्या उंबऱ्याच्या आत त्यांनी येऊ दिल्या नाहीत. छप्पन साली दीक्षा घेताना दारू न पिण्याची प्रतिज्ञा केली, त्यानंतर जिभेला थेंब लावला नव्हता. वाइन ते नाकानं निवडत. जिभेचं काम गोपिकाबाईंकडे.

या गोपिकाबाई क्लबाच्या कोठारावर होत्या. त्यांनी एक घोट घ्यायचा नि सांगायचं, देवाजींनी मान डोलवायची. मग संध्याकाळी घरी तेच पुराण. "गोपिका म्हणे, आंबटपणा मागून येते. काय जीभ हाय पोरीची!" अकरा वर्षं पंचफुला हे ऐकत होती. तिचा लेख मासिकात छापून आला, तेव्हा बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला, "सगळं तूच लिवलं?" एवढं विचारलं आणि जपून ट्रंकेत ठेवला. त्या बाईच्या एका घोटावर मात्र अख्खं जेवण बोलत राहत.

"गोपिकाबाईंना विचारा ना," ती पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली. "त्यांची जीभ आहे."

"तिले बी विचारीन. आता तुले विचारून राहिलो. आधी सुपाचा वास घे, मंग याचा."

"माझे पेपर राहिलेत."

"पेपर काय पळून चालले?" देवाजी हसले. ती उठली नाही. "राहू दे मंग," म्हणाले आणि चुलीकडे गेले.

सोमवारी सकाळी सायकलमध्ये हवा भरता भरता ते अंगणात खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. माणसं जमायच्या आत पंचफुलेनं दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या.

बुधवारी गोपिकाबाई आल्या. पंचफुलेनं मनात एक ठसकेबाज बाई रंगवली होती. दारात उभी होती ती कोपरावर रफू केलेल्या स्वेटरमधली, रडून नाक लाल झालेली, बुटकीशी बाई.

"बाबा असे अचानक..."

"तुम्ही त्यांना बाबा म्हणता?"

"क्लबात सारेच म्हणत, ताई. मी जरा जास्तच." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "सूप आम्ही करून पाहिलं, जमलं. पण वाइनचं अडलं. मले दोन्ही बऱ्या लागतात. बाबा म्हणाले होते, घरून ठरवून येतो. तुमच्यापाशी काही बोलले का?"

ज्याचं उत्तर या बाईजवळ नाही आणि लेकीजवळच असू शकतं, असा प्रश्न अकरा वर्षांत पहिल्यांदा आला होता.

"बोलले," पंचफुला म्हणाली. "लाल."

किती सहज निघाला तो शब्द!

"मले पांढरी वाटत होती," गोपिकाबाई हळूच म्हणाल्या. "पण बाबांनी म्हटलं, मंग लालच. शेवटचं ते तुमच्यापाशी बोलले, बरं झालं. लेकच ती." त्यांनी हात जोडले आणि निघाल्या.

त्या अंगण ओलांडेपर्यंत पंचफुलेला मोठं समाधान वाटलं. मग नजरेसमोर उद्याचं टेबल आलं. बाबांनी बसवलेला शेवटचा पदार्थ, शेजारी त्यांनी न निवडलेली बाटली, आणि ती त्यांच्या नावानं उघडलेली. ही बाई पुढे जन्मभर सांगत सुटणार, बाबांनी लाल सांगितली होती. ज्या माणसानं नुसता वास घेऊन कधी चूक केली नाही, त्याच्या माथी ही चूक बसणार.

ती अनवाणीच फाटकापर्यंत धावली. कॉलेजातली भाषा कुठल्या कुठे गेली.

"थांबा वं, गोपिकाबाई! खोटं बोलली मी. बाबांनी काहीच नाही ठरवलं. तुम्हाले पांढरी वाटते ना? पांढरीच ठेवा."

गोपिकाबाई दोन पावलं परत आल्या.

"मले विचारलं होतं त्यांनी. दोनदा विचारलं. मी उठली नाही." पंचफुलेनं फाटक घट्ट धरलं. "अकरा वर्षं मी तुमच्यावर जळून राहिली."