ऊब धरून ठेवलेली भट्टी

"अहो मिस्त्री, झडपा का लावल्यात?"

साहेबांनी विचारलं तेव्हा मिस्त्रींचा हात शेवटच्या झडपेच्या चाकावरच होता. त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि चूक लक्षात येताच कान तापले.

वीजघरातली ही सर्वांत जुनी भट्टी त्यांनी उमेदीच्या वयापासून सांभाळली होती. दुरुस्तीसाठी ती विझवली की हवेच्या साऱ्या वाटा ताबडतोब बंद करायच्या, म्हणजे तिच्या पोटातली ऊब टिकते आणि पुन्हा पेटताना ती रुसत नाही. आजही आग विझली आणि हात आपोआप झडपांकडे गेले. पण आज ती पुन्हा पेटायची नव्हती. आता तिला निववायचं होतं, मग तोडणारे येणार होते.

"पाहुणा गेला तरी ताट झाकून ठेवलंय मिस्त्रींनी!" फिटर म्हणाला, आणि भट्टीच्या निरोपासाठी जमलेली कामगारांच्या घरची मंडळी खो खो हसली.

एकटी मिस्त्रींची लेक हसली नाही. डोळ्यांवर घसरणारं पिवळं हेल्मेट सावरत ती खांबाशी उभी होती. ये म्हणून तिला त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या सभेपासून ते तिच्याशी बोलतच नव्हते.

आसपासच्या सगळ्या प्रांतांनी मिळून धुराला मर्यादा घातली होती. घरोघरी वीज कमी लागू लागली होती, टेकडीवर पवनचक्क्या फिरत होत्या. मग सर्वांत जुनी भट्टी आधी बंद करायची की आणखी थोडे दिवस चालवायची, हे ठरवायला गावची सभा भरली. तिथे ही शाळकरी पोर ताडकन उठली आणि माइक हातात घेऊन ती आताच बंद करा म्हणून घडाघडा बोलली. तेवढ्यावर भागलं असतं, तर मिस्त्रींनी मनातून शाबासकीही दिली असती. भट्टी म्हातारी झालीय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण तिने आईचा खोकला सांगितला. बाबा कामाचे कपडे दाराबाहेर झटकतात, तरी आई उशीत तोंड खुपसून खोकते, हे भर सभेत सांगितलं. सगळ्या माना मिस्त्रींकडे वळल्या होत्या.

"उघडा आता, पंखे लावायचेत," असं म्हणून साहेब चहाकडे वळले. मागोमाग सगळेच पांगले.

मिस्त्रींनी चाक धरलं, पण ते फिरवायला हात तयार होईना. इतक्यात लेक जवळ आली.

"बाबा, मी उघडू?"

"तुला काय कठीण? घरातलं सगळं चव्हाट्यावर उघडं केलंसच की, वकिलीणबाई."

"खोटं बोलले का मी?"

मिस्त्री खाली बघत म्हणाले, "खोटं असतं तर तिथंच झापलं असतं तुला."

"तुम्ही वाईट आहात असं नव्हतं म्हणायचं मला. आई बरी व्हायला हवी, एवढंच होतं. पण आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. माइक हातात आला आणि... सुटलेच मी."

"सुटतेसच तू. जन्मली तेव्हापासून."

त्यांनी उजव्या हातातला मोजा काढून तिला दिला. "घाल. मोज्याच्या हाताने धर. हिसका मारायचा नाही, अजून तापलेली आहे ती."

"कुठल्या बाजूला?"

"माझ्या हाताबरोबर चल."

दोघांनी मिळून चाक फिरवलं. आधी ते हललंच नाही, मग करकरलं आणि सैल झालं. आतून लांबलचक उसासा यावा तशी हवा वाहू लागली. एकेक करत त्यांनी सगळ्या झडपा उघडल्या. पंखे सुरू झाले.

"चहाला नाही जायचं?" लेकीने विचारलं.

"तू जा. मी थांबतो थोडा. निवायला वेळ लागतो हिला."

ती गेली नाही. मिस्त्रींनी भट्टीच्या पत्र्यावर उघडा तळवा टेकला. तेवढ्यात तिनेही मोजा काढून हात पुढे केला, आणि चटका बसून "आई गं!" करत मागे घेतला.

मिस्त्रींनी तिचं मनगट धरलं, पत्र्यावरून जरा खाली नेलं आणि हलकेच टेकवलं.

"इथं ठेव," ते म्हणाले. "इथं सोसवतं."