बुडती तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. तबकडी म्हटलं की कुणाला गाण्याची आठवते, कुणाला आकाशातून उडत येणारी. मी त्यातली एकही नाही. मी बुडती तबकडी आहे. तळ्याचं पाणी किती नितळ आहे हे मोजायला मला दोरीला बांधून पाण्यात सोडतात, आणि मी दिसेनाशी झाले की माझं काम झालं. जगात बाकी सगळ्यांचं कौतुक दिसल्यावर होतं. माझं न दिसल्यावर व्हायला हवं, म्हणून ते राहूनच जातं.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. ते आहे एक हातोडा. त्याचं नाव काढल्याशिवाय मला माझी गोष्ट सांगता येत नाही, हीसुद्धा त्याचीच लबाडी.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात जन्मलो. कारखाना म्हणजे काय, एक लेथ, एक भट्टी आणि छपरावर वाजणारे पत्रे. तिथे काम करणाऱ्या लेथवाल्या बाबांना दोन मुलं. थोरली ताई पाण्याच्या प्रयोगशाळेत लागली, धाकटा भाऊ पुढे त्याच कार्यालयात खडकांचा अभ्यास करायला आला. जमिनीच्या पोटातलं पाणी कुठल्या खडकातून वाट काढतं, कुठल्या विहिरीला जाऊन मिळतं, हे शोधायचं त्याचं काम. दिवसभर धोंडे फोडतो म्हणून ताई त्याला धोंडोपंत म्हणायच्या. आम्ही वस्तूही तेच म्हणायचो.

धोंडोपंतांना नोकरी लागली तेव्हा बाबांनी भट्टी पेटवली. चांगलं पोलाद निवडलं, तापवलं, ठोकलं, पाणी दिलं. एका बाजूला चौकोनी डोकं, दुसऱ्या बाजूला चोच, गुळगुळीत लाकडी दांडा, आणि वर चामड्याचं म्यान. असा हा हातोडा. ताई बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि मला काय? माझी नोकरी याच्या आधीची आहे, बाबा."

बाबांनी इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यात पत्र्याचा एक तुकडा पडला होता. तो गोल कापला, जेवायच्या ताटाएवढा. चार भाग पाडून दोन काळे रंगवले, दोन पांढरे. मधे भोक पाडलं, वर दोरीसाठी कडी लावली आणि खाली, सरळ बुडावं म्हणून, लोखंडाचं एक वजन. झाले मी तयार. म्यान वगैरे काही नाही. ताईंनी मला जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून नेलं. पोलाद त्याला आणि उरलेला पत्रा मला, हे माझ्या मनात तेव्हाच रुतलं.

माझं काम ऐका. ऐन दुपारी नाव तळ्याच्या मधोमध न्यायची. ताई नावेच्या सावलीकडच्या बाजूला ओणवं व्हायच्या आणि मला हळूहळू खाली सोडायच्या. दोरीवर दर अर्ध्या मीटरला लाल खूण होती. पाण्यात मी अंधूक व्हायचे, मग राखाडी, मग नुसता भास उरायचा, आणि ताई म्हणायच्या, "गेली!" मग थोडं वर ओढून, "आली!" या दोन शब्दांच्या मधला आकडा म्हणजे तळ्याची त्या दिवशीची तब्येत. पाणी नितळ तर दोरी लांब, गढूळ तर आखूड.

पहिल्या दिवशी नावाडीकाका वल्ही सोडून उठलेच. "बाई, कोण गेली? काय झालं?"

"अहो, तबकडी गेली काका. बसा. नाव उलटी कराल."

तेव्हापासून मी पाण्याबाहेर आले की काकांचा प्रश्न ठरलेला, "काय, आज किती वेळा गेली?" आणि स्वतःच हसायचे.

या कामाचा एक नियम आहे. नजर बदलायची नाही. आज ताईंनी पाहिलं, उद्या दुसऱ्याने, तर आकड्यांचा मेळ बसत नाही. म्हणून वर्षानुवर्षं वरून माझ्याकडे पाहणारा चेहरा एकच, ताईंचा. नावाडीकाका पाठ करून वल्ह्यांशी बसलेले. मला या नियमाचा फार अभिमान होता. हातोडा कुणीही उचलावा, माझ्यासाठी मात्र एक माणूस राखून ठेवलेलं होतं.

पण कार्यालयात कोण विचारतो! तिथल्या लांब बोळात भिंतभर फोटो लावलेले. डोंगराच्या कड्याचा फोटो, नदीकाठच्या थरांचा फोटो, भेगाळलेल्या काळ्या खडकाचा फोटो. आणि प्रत्येक फोटोत हातोडा! कड्याला टेकून उभा, थरावर आडवा, भेगेत चोच खुपसून. म्हणे खडक किती मोठा ते कळावं म्हणून ठेवतात. ठेवतात तर ठेवतात, पण दर वेळी तोच? भिंतीवर माझा एकही फोटो नव्हता. दिसेनासं होणाऱ्या वस्तूचा फोटो काढून करणार काय?

एकदा शाळेतली मुलं पाहायला आली. सगळ्यांनी रांगेनं हातोडा उचलून पाहिला. धोंडोपंतांनी एक खडक ठोकून दाखवला, आतली बारीक चीर दाखवली आणि सांगितलं, "आपलं तळं अशाच चिरांमधून झिरपतं आणि खालच्या विहिरींना पाणी देतं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यावर तेव्हा कुणीतरी पाण्याचे पेले मांडून आणले होते. ट्रे समजून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पत्र्याला राग दाखवता येत नाही.

खोटं कशाला बोलू? मी हातोड्याला पाण्यात पाहत होते. त्याची चोच मोडावी, दांडा कुजावा, निदान म्यान तरी उसवावं, असं मला रोज वाटायचं. तो मात्र माझ्याशेजारच्या खणात ऐटीत पडून असायचा. त्याला माझा हेवा कशाचा वाटणार? माझ्याजवळ होतंच काय?

आणि मग माझे दिवस फिरले. तळ्याचे आकडे उतरू लागले. दोरीवरच्या लाल खुणा एकेक करून कोरड्या राहू लागल्या. ताईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. तीन वर्षं हे असंच चाललं, तेव्हा साहेबांनी दोघा भावंडांना बोलावून सांगितलं, की पाणी आणि खडक यांचा एकच अहवाल द्या. तळं खरंच गढुळत असेल तर गावाचे नळ त्यावरून तोडावे लागतील.

अचानक सगळे माझ्याबद्दल बोलू लागले. साहेब बोळातून जाताना विचारायचे, "तबकडी काय म्हणते?" हातोडा काय म्हणतो, असं कुणी विचारत नव्हतं. मी कपाटात फुगून बसायचे.

धोंडोपंतांना मात्र पटत नव्हतं. एका संध्याकाळी प्रयोगशाळेत बाटल्यांच्या रांगेसमोर दोघांची जुंपली.

"ताई, मी वरचा सगळा उतार फिरलोय. माती कुठेही सुटलेली नाही. ओढे स्वच्छ आहेत, विहिरी स्वच्छ आहेत. तुझ्या बाटल्यांतलं पाणीसुद्धा यंत्राला स्वच्छच दिसतंय. मग गाळ येतोय कुठून? आकाशातून?"

"बाटलीत वरवरचं पाणी असतं. खालची गोष्ट तबकडी सांगते."

"एक पत्र्याचा तुकडा सांगतो म्हणून गावाचं पाणी तोडायचं?"

"पत्र्याचा तुकडा?" ताईंचा आवाज चढला. "बाबांनी तुझ्यासाठी भट्टी पेटवली आणि मला पत्र्याचा तुकडा दिला, हे ठाऊक आहे मला. पण इतकी वर्षं मी त्याच तुकड्यावर काम केलंय, धोंड्या. माझ्या कामावर बोट ठेवू नकोस."

धोंडोपंतांनी हातातली बाटली परत रांगेत ठेवली. जे माझ्या पोटात दुखत होतं, तेच ताईंच्याही पोटात इतकी वर्षं दुखत होतं, हे मला तेव्हा कळलं.

अहवाल देण्याआधी शेवटचं मोजमाप दोघांनी मिळून करायचं ठरलं. नाव तळ्याच्या मधोमध पोचली. ताईंनी मला अभ्र्यातून काढलं, आणि माझ्या खालचं वजन निसटून डुबुक करून तळाला गेलं. ते अडकवलेली खालची कडी गंजून गेली होती. इतक्या वर्षांत कुणी तिला तेलाचं बोट लावलं नव्हतं. वजन नसलं की मी पाण्यात तिरकी होते, वाहवत जाते. आता परत फिरायचं की काय? तेवढ्यात धोंडोपंतांनी कमरेचा हातोडा काढला.

"हा बांध खाली. बाबांचाच आहे, बुडेल नीट."

मित्रांनो, माझ्या मनाची काय अवस्था झाली असेल! माझी एकटीची अशी एकच जागा होती, ते पाणी. तिथेही हा! पण दोरी घट्ट बांधली गेली होती. ओझं वाढलं म्हणून दोरी धोंडोपंतांनी धरली आणि तेही ताईंच्या शेजारी ओणवे झाले. आम्ही दोघं खाली निघालो. आयुष्यभर ज्याला पाण्यात पाहिलं, त्याला मी त्या दिवशी खरोखरच पाण्यात पाहिलं. माझ्याखाली लोंबकळत होता, चोच खाली करून. तिथे ना फोटो, ना टाळ्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

वरून ताईंचा आवाज आला. "गेली."

धोंडोपंतांनी दोरी थांबवली. मग म्हणाले, "कुठे गेली? ही काय."

"गेली म्हणते ना."

"ताई, मला दिसतेय. काळे-पांढरे भाग वेगळे दिसतायत."

"थट्टा पुरे."

"बाबांची शपथ."

त्यांनी दोरी पुन्हा सोडायला सुरुवात केली. एक लाल खूण पाण्यात गेली. दुसरी गेली. ताई पाण्याकडे आणखी वाकल्या. तिसरी गेली, आणि मग धोंडोपंत अगदी हळू म्हणाले, "आता गेली." नावाडीकाकांनी वल्ही थांबवली होती. या वेळी त्यांनी कोण गेली असं विचारलं नाही.

"रंग उडाला असेल तिचा," ताई म्हणाल्या. म्हणजे शेवटी खापर माझ्यावर! पण त्यांचं त्यांनाच ते पटलं नसावं. त्यांनी एक डोळा झाकून समोरच्या काठाकडे पाहिलं. मग दुसरा झाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तळं ठीक आहे." आणि हसल्या. अगोदर हसल्या, रडू नंतर आलं.

"बाबा शेवटी शेवटी कुलपाचं भोक चाचपून शोधायचे," धोंडोपंत म्हणाले, "आठवतं? तू डोळे दाखवलेस का कधी?"

"दाखवले असते आणि मला नावेवरून उतरवलं असतं तर? माझ्याकडे दुसरं काय आहे रे?"

धोंडोपंतांनी आम्हाला वर ओढून घेतलं आणि ताईंच्या पाठीवर ओला हात ठेवला.

अहवाल थांबला. नळ वाचले. माझी मागची तीन वर्षं मात्र कागदावरून खोडली गेली. खडकाचे आकडे कुणी कधी खोडत नाही. आणि कार्यालयभर बोलणं काय, तर "हातोडा बांधला म्हणून कळलं हो!" अरे, आणि बुडालं कोण? दिसलं कोण? तीन वर्षं पाण्यातून वर पाहत मी थांबले होते की कुणी दुसरंही डोकावेल, ते कुणाच्या गावीही नाही. धोंडोपंतांनी त्या दिवशी नावेत फोटो काढला होता, तो भिंतीवर लागला. माझा पहिला फोटो. त्यातही माझ्या खाली तो आहेच, बांधलेला, पाणी गळणारा.

ताईंना मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. मी अभ्र्यात गुंडाळून कपाटात पडले. एके सकाळी कपाट उघडलं, आणि ताईंनी मला खिडकीपाशी नेऊन पाहिलं.

"अगं बाई! ही तर पिवळी पडलीय! इतकी? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

सांगणार कोण, ताई? मला पाहणाऱ्या तुम्ही एकट्या, आणि तुमच्या डोळ्यांवरच पिवळा पडदा. तुम्हाला मी पांढरीच दिसत राहिले.

त्याच दुपारी पांढऱ्या रंगाचा डबा आला. झाकण घट्ट बसलं होतं, कुणाच्या नखाने उघडेना. शेवटी धोंडोपंतांनी हातोड्याची चोच घालून ते उचकटलं. इतकी वर्षं ज्याच्या नावाने मी बोटं मोडली, तो माझ्या रंगाचं झाकण उघडायला आला. ताईंनी मला मांडीवर घेतलं आणि बाबांनी आखलेल्या रेषेबाहेर थेंबही न जाऊ देता दोन हात दिले. दुसरा हात देताना म्हणाल्या, "धोंड्या, हे बघ. बाबांनी या पत्र्याची कड केवढी घासून गुळगुळीत केलीय. माझा हात कापू नये म्हणून. मी कधी पाहिलंच नव्हतं." मीही पाहिलं नव्हतं, मित्रांनो. स्वतःची कड स्वतःला दिसत नाही.

आता नावेत दोघं ओणवी होतात आणि दोघांचे आकडे वेगवेगळे लिहितात. नवा नियम आहे. खाली जाताना मला वर एकमेकांना टेकलेली दोन डोकी दिसतात. ताई म्हणतात, "आहे... आहे... अजून आहे..." आणि बहुतेक वेळा "गेली" म्हणून धोंडोपंतच आधी हरतात.

तर बालमित्रांनो, वस्तूंना तेलाचं बोट लावत जा, उडालेला रंग देत जा. घरातल्या मोठ्या माणसांना डोळे दाखवायला घेऊन जा, ती स्वतःहून जात नाहीत. आणि एखादी गोष्ट दिसेनाशी झाली, तर ती गेली असं म्हणण्याआधी शेजारच्याला हाक मारून विचारा, "तुला दिसतेय का?"

मी कधीची तिथेच असते. हातोडाही असतो. परवाच त्याला नवं म्यान शिवलं. माझा अभ्रा अजून तोच आहे.