शनिवारी घाणा बंद

हन्नाबाई किहीमकरांनी चौलातला आपला लाकडी तेलघाणा आम्हाला चालवायला दिला, तेव्हा अट एकच घातली. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बैल सोडायचा, तो रविवारी सकाळीच जुंपायचा. हन्नाबाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्यांच्या लोकांना या किनाऱ्यावर शनवार तेली म्हणत, ते याच सुट्टीमुळे. आता त्या कायमच्या इस्रायलला, मुलाकडे निघाल्या होत्या. दोन महिने आमचं काम बघणार, मनासारखं दिसलं तर घाणा आमच्या नावावर करणार, नाहीतर एका रिसॉर्टवाल्याला देणार, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. त्या रिसॉर्टवाल्याला तो अंगणात शोभेला मांडायचा होता. मला तो घाणा जिवापाड हवा होता.

अट ऐकून खूश झाला तो माझा नवरा सदा. या माणसाला शनिवारची आठवण बुधवारपासूनच यायची. मी नारळ फोडायचे, खोबरं वाळवायचं, बैलामागे फिरायचं, तेल गाळायचं, आणि हा पेंडीच्या पोत्यावर आडवा. काही बोलले की म्हणायचा, देवानेच विश्रांती सांगितली आहे. याचा देव खंडोबा आणि दाखला मात्र हन्नाबाईंच्या देवाचा.

माझं उलटं. शनिवारी पर्यटक येणार, घाण्याचं तेल मागणार आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं, म्हणजे माझ्या अंगाचा तिळपापड. तिसऱ्या शनिवारी हन्नाबाई रेवदंड्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला गेल्या आणि मला एक युक्ती सुचली. अट बैलाची आहे, माझी कुठे आहे? बैल गोठ्यातच राहू दिला, घाण्यात खोबरं टाकलं आणि त्याचं आडवं लाकूड छातीशी धरून मीच फिरायला लागले.

हन्नाबाई परतल्या तेव्हा माझी अकरावी फेरी चालली होती. चार पर्यटक फोटो काढत होते आणि सदा पोत्यावरून मला दमाने घ्यायला सांगत होता. मी जागीच थांबले. घाणा गेला, असंच वाटलं.

हन्नाबाई आधी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पाण्याचा तांब्या माझ्या हातात देत म्हणाल्या, "नलू, देवाच्या आज्ञेत सुट्टी निस्ती बैलाला न्हाय. तुजं नाव बैलाच्या आधी हाय."

सदा खुदखुदला, तशा त्या त्याच्याकडे वळल्या. "आनि तू रं? आज्ञा सुरू होते ती सहा दिवस राबन्यापासून. तेवढं वगळून तू थेट सातव्यावर जाऊन बसलास."

सदाचं तोंड बघण्यासारखं झालं. मग त्यांनीच वाटणी करून दिली. सहा दिवस बैलामागे सदा, आणि शनिवारी मी काहीही करायचं नाही.

सदा दोन दिवस कण्हला, तिसऱ्या दिवशी बैलाशी गप्पा मारायला लागला आणि पंधरवड्यात खोबरं हातात घेऊन तेल निघायला किती वेळ लागेल ते मलाच सांगू लागला. हाल झाले ते माझे. शनिवारी ओटीवर बसून तांदूळ निवडायला घेतले, तर हन्नाबाईंनी सूपही काढून नेलं. खरं सांगते, राबणं मला कधी जड गेलं नाही. बसणं गेलं. माझ्यावाचून सगळं अडतं, या समजुतीवरच मी आजवर उभी होते.

शेवटच्या शनिवारी हन्नाबाई बघायला आल्या, तेव्हा मी भरदुपारी ओटीवर चटई टाकून घोरत पडले होते. सदा ओशाळला, मला हलवायला धावला. हन्नाबाईंनी त्याचा हात धरला.

"उठवू नको तिला," त्या म्हणाल्या. "कागद सोमवारी करू. घाना तुमचा झाला."

एवढं सांगायला सदा तिन्हीसांजेपर्यंत माझ्या उशाशी बसून राहिला होता. मी डोळे उघडले, तर त्याने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, मग सांगितलं, घाणा आपला झाला.