एक फोटो बाकी

दुरुस्तीवाल्या बाईंचा देवावर बेताचाच विश्वास होता आणि भुतांवर अजिबात नव्हता. बॅकअपवर मात्र ठाम होता. एकदा नुसता पंखा साफ करायला म्हणून उघडलेल्या कॉम्प्युटरनं एका नवरीच्या लग्नाचे सगळे फोटो गिळले होते, आणि नवरीच्या आईनं दुकानात येऊन जे ऐकवलं ते बाईंना अजून पाठ होतं. तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत. की-बोर्डचं एक बटण निघालेलं असो की नुसती वायर बदलायची असो, आधी सगळ्याची प्रत काढायची, मग स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा.

म्हणून "माऊस बंद पडलाय, घरी येऊन बघाल का?" असा फोन आला, तेव्हा एवढ्याशा माऊससाठी कोण घरी बोलावतं, असं मनात म्हणत का होईना, त्यांनी पिशवीत डिस्क टाकली.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका काकांनी. इस्त्रीचा सदरा, गुळगुळीत दाढी, हनुवटीवर ब्लेडचा ताजा ओरखडा. बोलताना ते बाईंच्या खांद्यावरून मागच्या जिन्याकडे पाहत होते.

"या ताई. चपला डावीकडे काढा हं. उजवीकडे ठेवल्या तर मी अडखळतो."

तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं की काकांना दिसत नाही.

कॉम्प्युटर खिडकीपाशी होता. टेबलावर, पडद्यावर, स्पीकरवर धुळीचा पातळ थर होता. दृष्टी नसलेल्या माणसाच्या घरात धूळ अशीच निर्धास्त राहते. की-बोर्ड तेवढा स्वच्छ होता. आणि माऊस. त्याचं डावं बटण तर बोटानं झिजून चकचकीत झालेलं होतं.

"काका, राग मानू नका," बाई म्हणाल्या, "पण माऊस तुम्ही वापरता?"

"मी कशाला? माझं सगळं की-बोर्डवर. माऊस ही वापरते."

'ही' बाजारात गेली असणार, असं बाईंनी धरलं. खुंटीवर बायकी छत्री होती, टेबलाच्या कडेला चष्म्याचं घर होतं, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. "काकू कधी येतील?"

"दोन वाजता," काका म्हणाले.

घड्याळात पाऊण झाला होता.

माऊस हलवला की पडद्यावरचा बाण छान फिरत होता. पण डावं बटण दबतच नव्हतं. आतून कुणी बोट धरून ठेवावं तसं ते घट्ट होतं. बाईंनी आपल्या नियमाप्रमाणे डिस्क जोडली आणि की-बोर्डवरूनच प्रत काढायला घेतली. खरं सांगायचं तर माऊसशिवाय त्यांची गत चष्मा हरवल्यासारखी झाली. इथून तिथे जायला सतरा वेळा तेच बटण. दोन मिनिटं काकांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "सरका जरा."

काका तीस वर्षं एका इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होते. त्यांची बोटं की-बोर्डवर उतरली आणि कॉम्प्युटरमधली बाई भराभर बोलायला लागली. पडद्यावरचं अक्षरन् अक्षर वाचून दाखवणारा तो आवाज होता, सपाट, न हसणारा, न रागावणारा. डिस्क उघडली, फोल्डर निवडला, प्रत सुरू. बाईंना स्वतःच्याच धंद्यात ओशाळल्यासारखं झालं.

"यात काय काय आहे, काका?"

"फोटो. दुसरं काही नाही. माझे डोळे गेले पंचेचाळिसाव्या वर्षी. सगळे अल्बम घरातच, पण मला ते नुसते पुठ्ठे. मग हिनं एकेक फोटो कॉम्प्युटरवर चढवला. चढवला की त्याला नुसता आकडा असतो ना नावाला? ही आकडा पुसून नाव लिहायची. फोटोत काय आहे तेच नाव. म्हणजे मी की-बोर्डवरून गेलो की ही मशीनची बाई मला वाचून दाखवते. नाव लिहून झालं की 'बाकी'मधून 'झालेले'मध्ये टाकायचं, माऊसनं ओढून. रोज दुपारी दोन ते चार."

कॉम्प्युटर प्रत काढत होता आणि काका बाणाचं बटण दाबत होते. आवाज वाचत होता: समुद्रकाठी तू, टोपी उडाली, मी पळतेय. तुझी आई, रागावलेली, कारण विसरले. आपलं पहिलं कपाट, दार लागत नव्हतं.

बाईंना हसू आलं. काकूंशी आपलं जमेल असं त्यांना वाटायला लागलं. मग आवाज म्हणाला: तू एकटा, माझ्या खुर्चीत. दाढी करत जा रे.

बाईंनी पडद्यावर पाहिलं. हीच खोली, हीच खुर्ची. तीत काका बसलेले, गालफडं आत गेलेली, दाढी आठवड्याभराची. मागच्या भिंतीवर काकूंचा मोठा फोटो, त्याच्याखाली फुलं. बाईंनी मान वर करून तीच भिंत पाहिली. फोटो तिथेच होता, फुलं नव्हती.

"काका," त्या म्हणाल्या, "हा फोटो कुणी काढला?"

"तो माझ्या बहिणीनं काढला," काका शांतपणे म्हणाले. "ही गेल्यावर बारा दिवसांनी. काढला, 'बाकी'त टाकला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. नाव तिनं दिलेलं नाही. मी विचारलं तिला. मीही नाही. मला कसं कळणार फोटोत काय आहे?"

"कधी गेल्या काकू?"

"चौदा महिने झाले. निम्मं काम राहिलं होतं, दोन हजारांवर. गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात दुपारी दोनला खुर्ची करकरली. मग की-बोर्डच्या कळा वाजल्या. मग क्लिक. तेव्हापासून रोज."

सरळ उठावं आणि चालू पडावं, असं बाईंना वाटलं. पण प्रत निम्म्यावर आली होती, आणि अर्धवट प्रत सोडून उठणं त्यांच्या जिवावर येई. शिवाय समोरचा माणूस वेडा वाटत नव्हता. वेडा असता तर बरं झालं असतं.

प्रत पूर्ण झाली. आवाजानं हिशेब वाचला: झालेले, चार हजार आठशे बारा. बाकी, एक.

"एकच राहिलाय?" बाई म्हणाल्या.

बाईंनी माऊस उपडा केला, स्क्रू काढला, वरचं झाकण उचललं. डाव्या बटणाखाली पिवळट, काचेसारखं काहीतरी वाळून बसलं होतं. त्यांनी वास घेतला. डिंक. सांडलेला नव्हे, थेंब थेंब करून, नेमक्या फटीत सोडलेला.

"काका, हे आपोआप नाही झालेलं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं काकांनी आधीच खाली मान घातली होती. "मीच घातला," ते म्हणाले. "रोज सकाळी मी मोजायचो. शंभर राहिले, चाळीस राहिले, सात राहिले. एक राहिला तेव्हा मला दरदरून घाम फुटला. तो झाला की ती कशाला येईल? आयुष्यभर तिचं तेच. काम संपलं की पदर झटकून उठायची. म्हटलं, एक राहू दे. माऊसच चालला नाही तर राहील."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"कारण ती येते, ताई. नऊ दिवस झाले. दोनला खुर्ची करकरते. क्लिक नाही, कळा नाहीत, काही नाही. नुसती बसते. चारला परत करकरते. शेवटच्या आजारपणातही मी तिला असंच म्हणायचो, आज दोनच फोटो कर आणि बस माझ्यापाशी. तेव्हा ती ऐकायची नाही. आता बसवून ठेवलंय." त्यांचा आवाज फाटला. "मला हे ऐकवत नाही."

बाईंना एकदम उपाय सुचला. "मी तुमचा फोटो काढते ना आत्ता! 'बाकी'त टाकते. रोज एक पाठवत जाईन, मग संपायचंच नाही."

काकांचा चेहरा क्षणभर असा उजळला की बाईंना आशा वाटली. मग तो हळूहळू विझला. "नको," ते म्हणाले. "थकलीय ती. तुम्ही बटण सुटं करा."

"नवा माऊस आहे माझ्याकडे."

"हाच. तिच्या हाताची सवय आहे याला."

बाईंनी कापसाचे बोळे कोमट पाण्यात बुडवून डिंक सोडवला. झाकण लावून बटण दाबलं, क्लिक झालं. काका दचकले. राहिलेला फोटो पडद्यावर होता: खुर्चीत झोपलेला एक तरुण, तोंड उघडं, छातीवर वर्तमानपत्र.

"काय आहे त्यात ते सांगू?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही नको. ती सांगेल."

दोनला पाच मिनिटं असताना दोघं शेजारच्या खोलीत जाऊन बसले. दार उघडंच होतं, पण टेबल तिथून दिसत नव्हतं. बाहेर लख्ख ऊन होतं, कुणाकडे तरी नळ वाहत होता, आणि अशा उजेडात भीती वाटण्याची बाईंना लाजही वाटत होती.

खुर्ची करकरली.

काकांनी हात पुढे केला, तो बाईंनी धरला. बराच वेळ काहीच नाही. मग एक क्लिक, जरा दबकत, पाय टाकून पाणी किती खोल आहे ते बघावं तसं. मग कळा वाजल्या. घाई नव्हती. मग पुन्हा क्लिक, आणि शांतता.

काका उठून भिंतीला धरत टेबलापाशी गेले. खुर्ची रिकामी होती, पण ते तीत बसले नाहीत. उभ्यानंच वाकून त्यांनी कळ दाबली. आवाज म्हणाला: बाकी, शून्य. मग त्यांनी शेवटचं नाव वाचायला लावलं.

हा तू. घोरत होतास. डिंकाची बाटली जागेवर ठेव.

काका आधी हसले. मोठ्यानं, पकडलं गेलेलं माणूस हसतं तसे. मग ते हसणं कधी रडण्यात गेलं, ते बाईंना कळलं नाही. त्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

जरा वेळानं काका म्हणाले, "ताई, तुमच्या डिस्कवर प्रत आहे ना? दुरुस्तीच्या आधीची?"

"हो."

"तीत किती बाकी?"

"एक."

त्या डिस्कवर काकूंचं काम अजून संपलेलं नव्हतं. ती प्रत इथे परत चढवली असती तर उद्या दोनला पुन्हा खुर्ची करकरली असती, कुणी सांगावं. हव्या तितक्या वेळा.

"पुसून टाका," काका म्हणाले. "झालेलं काम तिला पुन्हा करायला लावू नका."

बाईंनी आजवर कुणाची प्रत महिन्याच्या आत पुसली नव्हती. तरी त्यांनी डिस्क जोडली, फोल्डर निवडला, पुसायला सांगितलं. आवाज म्हणाला: कायमचं काढून टाकायचं? हो. नाही.

"मी दाबतो," काका म्हणाले. बाई बाजूला झाल्या, पिशवी उराशी धरून. काकांचं बोट कळेवर टेकलं आणि तिथेच राहिलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. ओठ हलत होते, बोट हलत नव्हतं. त्यांना ते जमणार नाही, हे बाईंना स्पष्ट दिसत होतं.

काकांचे दोन्ही हात की-बोर्डवर होते. बाईंचे पिशवीवर. टेबलाच्या उजव्या कडेला माऊस होता, आणि पडद्यावरचा बाण सरळ 'हो'वर गेला.

क्लिक.

"काढून टाकलं," आवाज म्हणाला.

रिकामी खुर्ची करकरली, कुणी हात टेकून उठावं तशी. मग काहीच नाही.

काकांनी टेबलाखाली हात घालून डिंकाची बाटली काढली. चाचपडत कपाटापाशी गेले, दार उघडलं, आणि आयुष्यभराच्या सवयीनं मान वळवून विचारलं, "अगं, वरच्या खणात की खालच्या?"

आणि उत्तराची वाट बघत, बाटली हातात धरून, ते तिथेच उभे राहिले.