बावीस नंबरची मुळं

सोमवारी सकाळी विनिताने कल्चर रूमचा, मुळं वाढवायच्या खोलीचा, दिवा लावला. शेकरवर गोल गोल हलणाऱ्या आठही बाटल्या गढूळ झाल्या होत्या. बुधवारी नितळ असलेलं द्रावण आता ताकासारखं दिसत होतं आणि मुळांच्या गुंत्यावर पांढरी लव चढली होती. बुरशी. लॅब टेक्निशियन म्हणून अठरा वर्षं हे काम केलेल्या बाईला दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती, तरी तिने एकेक बाटली उचलून उजेडाकडे धरली. आठच्या आठ गेल्या होत्या.

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत ही प्रयोगशाळा. इथे सर्पगंधेची मुळं वाढवतात, तीही मातीत नाही, बाटलीत, साखरेच्या आणि क्षारांच्या पाण्यात. रक्तदाबावरचं औषध या मुळांत असतं. जंगलात मूळ उपटलं की झाड मेलं, म्हणून हा सगळा खटाटोप. पानाला एका जिवाणूची लागण करायची, मग जखमेतून केसांसारखी मुळं फुटतात आणि झाडाशिवायच वाढत राहतात. पण फुटलेलं प्रत्येक मूळ वेगळं. शंभरांत एखादंच भरभरून औषध देतं. इथल्या संशोधक विद्यार्थ्याला, सम्यकला, तीन वर्षं घासल्यावर असं एक मिळालं होतं, बावीस नंबर. पुन्हा तेच मिळवायचं म्हटलं तर ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही. त्याच्या पीएचडीचा शेवटचा प्रयोग या मुळांवर व्हायचा होता आणि प्रबंधाची मुदत डिसेंबरची होती.

सम्यक आईला, मीराबाईंना, घेऊन दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर गेला होता. मीराबाई दरवर्षी जायच्या, पण यंदा गुडघ्यांनी दगा दिला, एकटीने जाणं शक्य नव्हतं. निघताना तो म्हणालेला, "ताई, फक्त नजर ठेवा हां. मुळं नव्या बाटल्यांत मी आल्यावर टाकतो. चार दिवस उशीर झाला तर काय मरत नाहीत ती."

खरंच मरत नव्हती. मारली ती विनिताने, आणि तीही मायेने.

खंडेनवमीला लॅबमध्ये यंत्रांची पूजा असते, यंदा ती बुधवारी आली. सुदेश सर प्रमुख आहेत, त्यांना पूजेची हौस आणि फोटोंची त्याहून जास्त. लॅमिनार म्हणजे गाळलेल्या हवेचा झोत सोडणारं कपाट, मुळांच्या बाटल्या उघडायच्या त्या फक्त त्याच्यात. त्या कपाटाला झेंडूचा हार घातला, आत हळद-कुंकू, अक्षता, निरांजन. झोताने निरांजन विझेल म्हणून ब्लोअर बंद ठेवला. आरती झाली, नारळ फुटला. सगळे गेले तशी विनिताच्या मनात आलं, एवढा चांगला दिवस आहे, पोराचं काम आजच करून टाकू, येईल तेव्हा नव्या कोऱ्या बाटल्या बघून खूश होईल. हार काढला, स्पिरिटने कपाट पुसलं, ब्लोअर लावला आणि पाच मिनिटांत कामाला बसली. आतली हवा स्वच्छ होईपर्यंत अर्धा तास थांबायचं, हे तिनेच आजवर सतरा पोरांना शिकवलेलं! शहाण्या माणसाची अक्कल गहाण पडते ती अशी.

एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. जुन्या बाटल्यांत थोडी मुळं उरतात, ती पंधरा दिवस जपून ठेवायची असतात, नव्या बिघडल्या तर हाताशी असावीत म्हणून. पण सणाची साफसफाई! काळपट मुळांच्या जुन्या बाटल्या फळीवर बऱ्या दिसत नव्हत्या. बाटल्या धुणाऱ्या विमलाबाईंना तिनेच हाक मारली, "घेऊन जा हो हे, दसऱ्याला घाण कशाला?" विमलाबाईंनी त्या ऑटोक्लेव्हमध्ये, त्या भल्यामोठ्या कुकरमध्ये, उकळून काढल्या. बाईंचा काय दोष?

सोमवारी विनिता जेवायलाही उठली नाही. बिघडलेल्या मुळांची टोकं ब्लेडने कापायची, बुरशीच्या औषधात बुडवायची, एकेका बशीत ठेवायची. दोनशे दहा टोकं कापली. मान धरली, बोटं वळेनात. "एक तरी," ती पुटपुटत होती, "एक तरी राहू दे रे देवा." मंगळवारी निम्म्या बशांत पांढरं दिसलं. बुधवारी दुपारी उरलेली शेवटची बशीही गेली.

तेव्हा तिने ते केलं. खालच्या फळीवर नऊ नंबरची मुळं होती. वाढायला जोमदार, औषधाच्या नावाने शून्य. दिसायला मात्र दोन्ही सारखीच. विनिताने आठ बाटल्यांवरची चिकटपट्टी सोलली आणि नवी लावली, बावीस. महिन्याभराने अर्क काढल्यावर कळेल, तेव्हा म्हणता येईल की मुळांचा जोर ओसरला, असं होतं कधीकधी. ठाकुर्लीला घरी जाऊन तिने भाताला हात लावला नाही.

गुरुवारी दहाला सम्यक आला. हातात संत्रा बर्फीचा डबा.

"आईने सांगितलंय, पहिला तुकडा ताईंना. तुमच्यामुळे जाता आलं म्हणाली." त्याची नजर शेकरवर गेली. "अरे, ट्रान्सफर पण केलंत? काय मस्त फुटलीयेत, बघा ना! आणि मी येडा ट्रेनमध्ये टेन्शन घेत बसलेलो."

त्याने एक बाटली उचलून लहान मुलासारखी धरली. विनिताला ते बघवेना.

"सम्यक, ती नऊ नंबर आहेत."

तो हसला. "मस्करी नका करू ताई."

तिने सगळं सांगितलं. पूजा, पाच मिनिटं, बुरशी, दोनशे दहा टोकं. तो हळूहळू स्टुलावर बसला.

"पण जुन्या बाटल्या असतील ना?"

"विमलाबाईंना दिल्या. मीच दिल्या."

त्याने फळीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. एसी घरघरत होता. विनिताला वाटलं, यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आणि ही पट्टी?" त्याने बाटलीवर बोट ठेवलं. "ही पण बुरशीनेच लावली?"

"मी लावली," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. "घाबरले रे मी. चुकलं माझं."

त्याने आठही बाटल्यांवरच्या पट्ट्या एकेक करून सोलल्या आणि टेबलाच्या कडेला चिकटवल्या. बर्फीचा डबा तिथेच, न उघडलेला. मग तो उठला.

"सरांना सांगावं लागेल. माझ्यासोबत येता का, मॅडम?"

मॅडम. तीन वर्षांत त्याने तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. विनिताने पदराने डोळे पुसले आणि ती त्याच्या मागून चालू लागली.