लाल मुठीवरची पट्टी

शिवप्रिया कुबड्या टेकत दुकानात शिरली आणि काखेतला सूट तिनं इरम्माच्या मशीनवर टाकला. "मला मारायचं होतं का तुम्हाला?" एवढंच ती म्हणाली.

इरम्मा धाराशिवात रिक्षांची छतं आणि सीटकव्हरं शिवते. सूट तिनं लगेच ओळखला. हातांखाली आणि दोन पायांमध्ये कापडाचे पंख असलेला हा सूट घालून माणसं विमानातून उडी मारतात, पाखरासारखी तरंगतात आणि शेवटी पॅराशूट उघडतात. महिन्यापूर्वी कुलदीप तो घेऊन आला होता. सास्तूरच्या या पोरीच्या उड्यांच्या जाहिरातीचं काम तो बघायचा. त्याला छातीवर, उड्यांना पैसे देणाऱ्या कंपनीच्या नावाची रुंद पट्टी हवी होती. छातीवर दोन बाजूंना खाचा कशाला, असं इरम्मानं विचारलं होतं. हवेसाठी, असं त्यानं सांगितलं. पट्टीची कड उजव्या खाचेला लागते, आखूड करू का, असंही ती म्हणाली होती. फोटोत नाव पूर्ण दिसायला हवं, तशीच शिवून टाका, असं तो म्हणाला आणि तिनं शिवलं.

आता शिवप्रियानं सांगितलं तेव्हा त्या खाचा कशासाठी होत्या ते इरम्माला कळलं. त्या खाचांतून पॅराशूटच्या दोन मुठी बाहेर येतात. उजवीकडची लाल मूठ ओढली की बिघडलेलं पॅराशूट सुटतं, डावीकडची ओढली की दुसरं उघडतं. जमिनीवर शिवप्रियानं तपासलं तेव्हा लाल मूठ दिसत होती. वर पॅराशूट उघडताना अंगावरचे पट्टे ओढले गेले आणि मूठ पट्टीखाली गेली. पॅराशूटला पीळ पडलेला, ती गरगर फिरत होती आणि हाताला नुसतं कापड लागत होतं. नखांनी टीप उसवून तिनं मूठ काढली. दुसरं पॅराशूट अगदी खाली उघडलं, त्यात पाय मोडला. आणि कुलदीपनं अपघाताच्या चौकशीत लिहून दिलं होतं की शिवणारीनं आपल्या मनानंच पट्टी तशी लावली.

"शिवलं म्याच," इरम्मा म्हणाली. "पण विचारलंबी म्याच. चल, त्येच्याकडं."

ऑटोतून दोघी कुलदीपच्या ऑफिसात गेल्या. त्यानं चहा मागवला, हा तांत्रिक विषय आहे म्हणाला. इरम्मानं चहाला हात लावला नाही. शिवप्रियानं सोबत आणलेले, मुठी लावलेले पॅराशूटचे पट्टे आणि सूट तिनं त्याला अंगावर चढवायला लावले, उसवलेली पट्टी दाभणानं टाचली आणि खांद्यावरचे पट्टे मागून कचकन वर ओढले.

"डोळे मिटून लाल मूठ काढा."

त्याचा हात पट्टीवर चाचपडत राहिला. शिवप्रिया मोबाईलवर सेकंद मोजत होती. दहा झाले तरी मूठ सापडली नाही.

"एवढ्यात मी मेले असते," ती म्हणाली.

चौकशीत इरम्मानं झालं ते सगळं सांगून सही केली. कुलदीपला काम सोडावं लागलं. उड्या होतात तिथं सूटच्या छातीवर काहीही शिवायला बंदी आली. कुलदीपनं शिवप्रियाची माफी मागितली. इरम्माची नाही. विचारलं असूनही आपण शिवलं, याचा तिला स्वतःचाच राग येतो, आणि तो अजून गेलेला नाही.