टिडहेल्मच्या पाठीवरच्या जखमा

या, सरका जवळ. म्हाताऱ्यांना शेकोटीपाशी जागा द्या. स्तोत्रं गाऊन झाली, देवाच्या नावानं घसा मोकळा झाला. आता टिडहेल्मची गोष्ट ऐका.

आमचा धनी केओलमुंड. त्याच्या दालनात मधाच्या दारूचा पेला ज्याच्या हाती येई, त्यानं सगळ्यांसमोर शब्द द्यायचा आणि मरेपर्यंत पाळायचा. त्या संध्याकाळी धनीणबाई ऑस्गिथनं पेला टिडहेल्मपुढे धरला.

"लुटारू आले तर एक पाऊलही मागे घेणार नाही!"

"आणि परवा रानडुक्कर दिसलं तेव्हा झाडावर कोण चढलं होतं रे?" ब्रोर्डा खिदळला.

"झाड पुढे होतं, मूर्खा!"

सगळं दालन हसलं. पण शब्द तो शब्द.

आठवडाभरातच लुटारूंच्या नावा आल्या. दलदलीतल्या अरुंद बांधावर आमच्या माणसांनी त्यांना अडवलं. बांधाच्या पलीकडच्या टोकाला, लुटारूंच्या पाठीमागे, आमचं लाकडी चर्च. मी तिथला स्तोत्रं गाणारा; दाराला अडसर लावून फटीतून बघत होतो. कुऱ्हाडीच्या एका घावात ब्रोर्डाचं डोकं दुभंगलं. बांध रक्तानं निसरडा झाला. धन्याच्या मांडीत भाला घुसला, तो कोसळला. टिडहेल्मनं त्याला उचललं.

"मागे फिर, गाढवा! वाट मोकळी आहे!" धनी ओरडला.

"तुमच्याच पेल्यावर बोललोय, धनी. ढाल धरा."

आणि तो पुढे धावला! धन्याला लेकरासारखं छातीशी धरून थेट लुटारूंच्या गर्दीत. धन्यानं एका हातानं ढाल धरली, दुसऱ्या हातानं तलवार चालवली. एकाचा गळा चिरला, एकाचं मनगट उडालं. समोरचे बिचकून चिखलात पडले. पण ज्यांना ओलांडून तो पुढे गेला, त्यांनी मागून टिडहेल्मच्या पाठीवर घावावर घाव घातले. मी अडसर काढला. तो उंबरा ओलांडून आत आला, धन्याला वेदीपाशी ठेवलं आणि मेला. धनी बेशुद्ध झाला. बाहेर आमच्या लोकांनी उरलेले लुटारू चिखलात दाबून मारले.

मग ऑस्गिथबाई प्रेत धुऊ लागल्या. छाती कोरी, पाठीची चाळण. लढाईच्या गदारोळात तो कुठे धावला, ते म्हाताऱ्या योद्ध्यांनी पाहिलं नव्हतं. पाठीवर जखम म्हणजे पळपुटा. वीरांना पुरून वर मातीचं टेकाड रचतात, तिथे त्याला जागा नाही, गाण्यात नाव नाही.

"द्या दलदलीत टाकून," एक जण थुंकला.

"अहो, मी पाहिलंय..." मी म्हणालो.

"तू गाणारा. तुला लढाईतलं काय कळतं?"

तेवढ्यात धनी शुद्धीवर आला. रक्ताळलेली मांडी फरफटत तो प्रेतापाशी पोचला आणि त्या पाठीवर त्यानं तळहात टेकला.

"या जखमा माझ्या आहेत. यानं झेलल्या. टेकाड उभारा. मी मरेन तेव्हा मला याच्या शेजारी ठेवा."

थुंकणारा म्हातारा गुडघ्यांवर बसला आणि स्वतःच्या झग्यानं ते रक्त पुसू लागला.

ख्रिस्तानंही आपल्यासाठी चाबकाचे फटके पाठीवरच झेलले, बाबांनो. मी एवढंच मागतो: आज निजण्याआधी प्रार्थनेत टिडहेल्मची आठवण काढा.